सबमिशनच्या आधीचे सहा आठवडे

तासगाव तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी एम. ए.च्या मुलांना इतिहास शिकवते. प्रत्येक सत्रात त्यांना एक लेखी असाइनमेंट असते: तीन हजार शब्द, मराठीत, संदर्भांसह. विषय मिळाल्यापासून सबमिशनपर्यंत साधारण सहा आठवडे हातात असतात. पण त्यातच गणपती येतात, नवरात्र येतं, आणि द्राक्षबागांची फळछाटणीही त्याच सुमाराला निघते, म्हणजे निम्मी मुलं बागेत. बघता बघता शेवटचे चार दिवस उरतात. मग नेटवरून उचललेले परिच्छेद, मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी फाइलमधली प्रस्तावना, आणि रात्री दहाला डीटीपीवाल्याकडे रांग.

मला याचं फार वाईट वाटतं, कारण ही मुलं आळशी नाहीत. पहाटे उठून, धारा काढून, डेअरीला दूध घालून पहिल्या तासाला हजर असतात. लिहायला बसण्याच्या आधी काय काय करायचं असतं, हे त्यांना कुणी हाताला धरून दाखवलेलं नसतं, एवढंच. शाळेत निबंध लिहिला तो फळ्यावरच्या मुद्द्यांवरून, बी. ए.ला उत्तरं लिहिली ती गाइडमधून. तीन हजार शब्द स्वतःच्या डोक्याने लिहायची वेळ पहिल्यांदा इथे येते.

म्हणून इथे मी एकाच असाइनमेंटची तयारी पहिल्या दिवसापासून सांगते. सावळजकडची एक मुलगी होती. तिने ‘दुष्काळ’ हा विषय घेतला होता. तिच्याबरोबर मी जे केलं तेच आता प्रत्येकाकडून करून घेते.

आधी विषयाचं शेपूट तोडा

पहिल्या आठवड्यात ती माझ्याकडे शीर्षक घेऊन आली: ‘महाराष्ट्रातील दुष्काळ: एक अभ्यास’. 

हे ‘एक अभ्यास’ नावाचं शेपूट दिसलं की मी थांबवते. ज्याला काय विचारायचं आहे ते ठरलेलं नाही, तोच ‘एक अभ्यास’ लिहितो. मी तिला विचारलं, “महाराष्ट्रातले किती दुष्काळ? दुर्गादेवीचा धरायचा का? १८७६–७८चा? १९७२चा? २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेलं, तो?” ती म्हणाली, “मॅडम, बहात्तरचा. आमची आजी सारखी सांगती त्याबद्दल.”

“काय सांगते?”

“खडी फोडायला जायची म्हणती. लाल ज्वारीची भाकरी खायची. आणि म्हणती, पगार झाला की पैसे आज्जा घ्यायचा.”

असाइनमेंट तिथेच सापडली होती, पण तिला ते कळलं नव्हतं. मी तिला हेच वाक्य वहीच्या पहिल्या पानावर प्रश्नाच्या रूपात लिहायला लावलं. दोन दिवस खाडाखोड करून प्रश्न असा झाला: ‘१९७२–७३च्या दुष्काळी कामांवर आमच्या गावातल्या बायकांनी मिळवलेली मजुरी कोणाच्या हातात पडत होती, आणि त्याने घरात काही बदललं का?’

विषय आणि प्रश्न यांत मोठा फरक आहे. विषयावर माहिती गोळा करत राहता येतं, ती कधी संपत नाही आणि कधी पुरीही पडत नाही. प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, त्यामुळे कुठलं पुस्तक उघडायचं आणि कुठलं मिटायचं हे आपोआप ठरतं. ‘महाराष्ट्रातील दुष्काळ’ यासाठी तिला अख्खं ग्रंथालय वाचावं लागलं असतं. या प्रश्नासाठी एक गाव, दोन वर्षं आणि पाच-सहा म्हाताऱ्या बायका पुरेशा होत्या.

प्रश्न चांगला झाला की नाही हे पाहायची माझी एक साधी कसोटी आहे. प्रश्न घरात जेवताना मोठ्याने विचारा. घरच्यांनी “हो का? मग काय झालं?” असं विचारलं तर प्रश्न जिवंत आहे. “असेल बाबा” म्हणून आमटी वाढून घेतली, तर अजून बारीक करा.

विषय तुम्ही निवडलेला नसेल, विभागाने प्रश्न दिलेला असेल, तर त्यातलं क्रियापद आधी अधोरेखित करा. ‘स्पष्ट करा’, ‘तुलना करा’, ‘चिकित्सक परीक्षण करा’, ‘चर्चा करा’ ही चार वेगवेगळी कामं आहेत. ‘तुलना करा’ म्हटलेलं असताना आधी सगळं एकाबद्दल आणि मग सगळं दुसऱ्याबद्दल लिहून दिलेले पेपर माझ्याकडे दर वर्षी येतात. त्यात तुलना कुठेच नसते, दोन निबंध शेजारी शेजारी ठेवलेले असतात. ‘चिकित्सक परीक्षण’ म्हणजे शिव्या देणं नव्हे, आणि कौतुकही नव्हे. दावा काय आहे, तो कशावर उभा आहे, तो आधार पेलतो का, हे तपासणं.

आणि शिक्षकांना विचारायला लाजू नका. फक्त “मॅडम, कसं लिहू?” असं विचारू नका, त्याला उत्तर नसतं. शब्दमर्यादा किती, संदर्भ तळटीपांत की शेवटी, मुलाखत चालेल का, हाताने लिहिलेलं चालेल का, गुणांची विभागणी कशी, हे विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

तारखा उलट्या मोजा

सबमिशनची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि तिथून मागे या. छपाई आणि स्पायरल बाइंडिंग सबमिशनच्या तीन दिवस आधी. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि तालुक्याच्या गावातल्या दोन-तीन डीटीपीच्या दुकानांत त्या आठवड्यात अख्ख्या कॉलेजची गर्दी असते. त्याच्या आधीचा आठवडा दुरुस्तीचा. त्याच्या आधीचा आठवडा कच्च्या लिखाणाचा. म्हणजे सहामधले जवळपास अडीच आठवडे गेले. पहिला आठवडा प्रश्न ठरवण्यात आणि वरवरच्या वाचनात जातो. उरले साधारण अडीच. त्यातून गणपतीचे दिवस आणि छाटणीचे दिवस सरळ कापून टाका. त्या दिवसांत वाचन होईल असं कॅलेंडरवर लिहिलं, तर ते न झाल्याचं ओझं पुढच्या दिवसांवर बसतं. सावळजच्या मुलीकडे ही वजाबाकी करून चौदा दिवस उरले होते. चौदा दिवसांत काय जमेल तेवढंच तिने ठरवलं: एकदा कोल्हापूरचं ग्रंथालय, पाच मुलाखती, आणि तीन लेख नीट वाचायचे.

वाचन

सुरुवात मराठी विश्वकोशासारख्या भरवशाच्या ठिकाणाहून करा. विषयाची शीव कळते, नावं आणि सालं कळतात. तिथेच मुक्काम मात्र करू नका. त्यानंतर एक चांगला लेख गाठा आणि त्याच्या शेवटची संदर्भसूची आधी वाचा. त्या विषयावर कोणी कोणी काम केलंय याचा आयता नकाशा तिथे असतो. बहात्तरच्या दुष्काळावर अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी लिहिलंय, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये त्या काळापासून लेख येत राहिलेत. इंग्रजी लेख पाहून घाबरू नका. सारांश आणि शेवटची दोन पानं आधी वाचा, मग तुमच्या प्रश्नाचा शब्द जिथे येतो ती पानं. तीन दिवस एकाच लेखावर गेले तरी चालेल.

शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच. डी.चे प्रबंध मोफत वाचता येतात. तिथला पूर्वसाहित्याच्या आढाव्याचा भाग तुमच्या उपयोगाचा. तुमच्या विद्यापीठाचं ग्रंथालय वर्षातून एकदा तरी स्वतः जाऊन पाहा. आमच्यासाठी ते कोल्हापूरचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय. जाताना ओळखपत्र, कॉलेजचं पत्र आणि काय शोधायचंय त्याची यादी बरोबर ठेवा. यादी नसली तर कपाटं बघण्यातच दिवस जातो आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ होते. कोल्हापुरातच १८५० साली सुरू झालेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे. तुमच्या शहरातही असं एखादं जुनं नगर वाचनालय असेल, तिथल्या ग्रंथपालांशी बोला. विद्यापीठात न मिळालेली गोष्ट अशा ठिकाणी मिळालेली मी अनेकदा पाहिली आहे.

एक साधन मुलं कायम विसरतात, ते म्हणजे जिल्हा जनगणना पुस्तिका. १९७१ची जनगणना दुष्काळाच्या तोंडावरच झाली. गावाची लोकसंख्या किती, शेतमजूर किती, त्यात बायका किती, हे गाववार आकडे त्यात आहेत. आपल्या गावाचं नाव त्या छापील तक्त्यात शोधताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आणि साधनं कधी कधी अगदी खिशातच असतात. माझ्या पगारातून दरमहा दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, व्यवसाय कर कापला जातो. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमीला, म्हणजे खेड्यात मागेल त्याला काम देण्याच्या सरकारी योजनेला, पैसा उभा करायला. वर्गात पगाराची चिठ्ठी दाखवून हे सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकली होती.

आता टिपणांबद्दल. वहीचं पान मधोमध उभं दुमडा. डावीकडे पुस्तक काय म्हणतं ते, अवतरणचिन्हांत, लेखकाचं नाव, साल आणि पान क्रमांकासह. उजवीकडे त्यावर तुम्हाला काय वाटलं ते, तुमच्या शब्दांत. उजवी बाजू कोरी राहिली तर तुम्ही वाचलं नाही, फक्त उतरवून घेतलं. लिहायला बसाल तेव्हा पेपर उजव्या बाजूतून निघतो आणि डावी बाजू त्याला पुरावा देते. उचलेगिरी बहुतेक वेळा चोरीच्या इच्छेने होत नाही. टिपणात आपलं वाक्य कुठलं आणि पुस्तकातलं कुठलं हे महिन्याभराने ओळखू येत नाही, म्हणून होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांनुसार प्रबंधात दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे कारवाई सुरू होते. एम. ए.च्या असाइनमेंटला साम्य तपासणारं यंत्र लावलं नाही तरी, दुसऱ्याची भाषा आली की वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतं.

मोबाइलने पानांचे फोटो काढत असाल तर पहिला फोटो मुखपृष्ठाच्या आतल्या पानाचा काढा, जिथे लेखक, प्रकाशक, साल असतं. मगच आतली पानं, आणि प्रत्येक फोटोत पान क्रमांक दिसलाच पाहिजे. मी स्वतः एम. ए.ला असताना एका पान क्रमांकासाठी पहाटेच्या एसटीने कोल्हापूर गाठलं होतं, आणि ते पुस्तक तेव्हा बाइंडिंगला गेलेलं होतं. तो संदर्भ मला शेवटी गाळावा लागला, आणि त्यावर उभा असलेला सगळा परिच्छेदही गेला.

एआयला विचारून संदर्भ गोळा करणाऱ्यांना एकच सांगते. जे पुस्तक तुम्ही हातात धरलं नाही किंवा पडद्यावर उघडून पाहिलं नाही, ते यादीत घालू नका. गेल्या वर्षी एका पेपरच्या यादीत दोन पुस्तकं अशी निघाली की जी कुठल्याच ग्रंथालयात नव्हती, कारण ती कुणी लिहिलेलीच नव्हती. नावं इतकी खरी वाटत होती की त्या मुलालाही धक्का बसला.

आजीच्या ओट्यावर

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे. बहात्तर साली सतरा-अठरा वर्षांच्या असलेल्या सुना आज सत्तरीत आहेत. त्यांच्याकडे जे आहे ते कुठल्याच कपाटात नाही.

सावळजच्या मुलीने पहिली मुलाखत घेतली ती स्वतःच्या आजीची, आणि ती फसली. तिने प्रश्न छापून नेले होते. पहिला प्रश्न होता, ‘दुष्काळाचा तुमच्या आर्थिक जीवनावर काय परिणाम झाला?’ आजी म्हणाली, “लई हाल झालं बाई.” दुसऱ्या प्रश्नालाही तेच. दहा मिनिटांत मुलाखत संपली.

मी तिला सांगितलं, कागद घरी ठेव. आजी भुईमुगाच्या शेंगा फोडत असेल तेव्हा शेजारी बस, तूही फोड. आणि एवढंच विचार: “कामावर जायच्या दिवशी सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करायचीस?”

त्या दिवशी दीड तासाचं रेकॉर्डिंग झालं. अंधारात उठून भाकरी थापणं. मिलोची भाकरी, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, थापताना चिरा पडायच्या. तान्ह्या पोराला कामाच्या जागी झोळीत टांगणं. मुकादम हजेरी घ्यायचा तेव्हा बाईचं नाव न घेता ‘अमक्याची बायको’ म्हणून पुकारायचा. वाटप होणारी सुकडी पदरात बांधून पोरांसाठी घरी आणायची. आणि पगाराच्या दिवशी अंगठा आजीचा, पैसे मात्र बाजूला उभ्या असलेल्या आज्जाच्या हातात.

मग आजी थांबली आणि म्हणाली, “पर एक डाव म्या दोन रुपयं काढून ठिवलं. बांगड्या भरल्या.”

ते दोन रुपये म्हणजे त्या पेपरचा कणा. ‘आर्थिक जीवन’ विचारून ते कधीच बाहेर आले नसते.

म्हणून मुलाखतीला जाताना: दिवस कसा उगवायचा, कोण कुठे बसायचं, हातात काय असायचं, कोण काय म्हणायचं, असं विचारा. परिणाम, दृष्टिकोन, सामाजिक स्थिती हे शब्द तुमच्या वहीतच राहू द्या. उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, थोडं गप्प बसा. खरी गोष्ट बहुतेक त्या गप्प क्षणानंतर येते. रेकॉर्डिंगआधी विचारा, आणि नाव छापायचं की नाही तेही विचारा. फोनवर रेकॉर्डिंग सुरू झाल्याबरोबर स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं वय सांगा. घरी आल्यावर त्याच रात्री ऐकून उतरवा, त्यांच्या बोलीतच. “काढून ठिवलं” याचं “बचत केली” करू नका.

आठवण आणि कागद

पाचही बायका म्हणाल्या, “आम्ही रोजगार हमीच्या कामावर जात होतो.” मुलीने तसंच लिहिलं: १९७२ साली रोजगार हमी कायद्याखाली गावात पाझर तलाव झाला. मी पेन्सिलने गोल केला आणि म्हटलं, “कायदा कधीचा, बघून ये.”

ती बघून आली. वि. स. पागे यांनी याच तालुक्यात, विसापूरला, १९६५ साली रोजगार हमीचा पहिला प्रयोग केला होता. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. राज्यात योजना जाहीर झाली १९७२ला. पण लगेच दुष्काळाने सगळं व्यापलं, आणि त्या दोन वर्षांत जी प्रचंड कामं निघाली ती सरकारी भाषेत दुष्काळी कामं होती. मे १९७३मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसं त्यांवर होती. रोजगार हमीने खरा जोर धरला तो दुष्काळ सरल्यावर, कायदा झाला १९७७चा आणि लागू झाला २६ जानेवारी १९७९ला. म्हणजे आजी जिथे खडी फोडत होती ते काम कायद्याच्या आधीचं.

ती हिरमुसली. “मग आजी खोटं सांगती का?”

अजिबात नाही. आजी नंतरच्या काळात रोजगार हमीवरही गेली असणार. पन्नास वर्षांत दोन्ही कामं एका नावाखाली एकत्र झाली. टिकाव तेच, पाटी तीच, मुकादमही कदाचित तोच. कागद साल सांगतो, पण बांगड्यांचे दोन रुपये सांगत नाही. आजी दोन रुपये सांगते, साल तिच्याकडून घ्यायचं नसतं. दोन्ही शेजारी ठेवा, आणि जिथे जुळत नाहीत तिथे थांबून का जुळत नाहीत ते लिहा. त्या मुलीने त्यावर अडीचशे शब्दांचा परिच्छेद लिहिला, लोकांच्या तोंडी सगळीच सरकारी कामं ‘रोजगार हमी’ कशी झाली यावर. अख्ख्या पेपरातला तो सर्वांत चांगला परिच्छेद होता, आणि तो तिला फक्त चूक दुरुस्त करताना सापडला.

चिठ्ठ्या, मग लिखाण

टिपणं झाली की लगेच लिहायला बसू नका. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या मागच्या बाजू कापून चिठ्ठ्या करा. एका चिठ्ठीवर एकच वाक्य, पूर्ण वाक्य. ‘मजुरी’ असं लिहू नका, ‘अंगठा बाईचा असला तरी पैसे बहुतेक वेळा पुरुष घ्यायचे’ असं लिहा. दहा-बारा चिठ्ठ्या होतील. त्या फरशीवर मांडा आणि हलवत राहा. जी चिठ्ठी कुठेच बसत नाही, ती कितीही आवडती असली तरी बाजूला काढा. सुकडीची पूर्ण कृती आजीने सांगितली होती, मुलीला ती घालायचीच होती. दोन दिवस ती चिठ्ठी फरशीवर फिरत राहिली, शेवटी पाकिटात गेली.

तीन हजार शब्दांची वाटणी मी अशी सुचवते: प्रश्न आणि तो का विचारला यासाठी तीनशे, पार्श्वभूमीला जास्तीत जास्त सहाशे, मुलाखती आणि कागदांतून जे हाती लागलं त्याला पंधराशे, त्याचा अर्थ लावायला चारशे, आणि शेवटी उत्तराला दोनशे. पार्श्वभूमीत मुलं वाहून जातात. अर्धा पेपर ‘दुष्काळ म्हणजे काय’ यात जातो आणि आजीला दीड पान उरतं.

कच्चं लिखाण मधूनच सुरू करा, जिथे तुम्हाला सर्वांत जास्त माहीत आहे तिथून. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा. पहिल्या दिवशी प्रस्तावना लिहायला बसलं की ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ हेच वाक्य येतं, आणि त्यानंतर पेन अडतो. मुलीच्या पेपरची पहिली ओळ शेवटी अशी झाली: ‘हजेरीच्या वेळी त्यांची नावं पुकारली जात नव्हती.’

लिहून झालं की दोन दिवस वही मिटून ठेवा. मग मोठ्याने वाचा. जिथे दम लागेल तिथे वाक्य तोडा. ‘करण्यात आले’, ‘दिसून येते’, ‘सदर’ हे शब्द शोधून काढा आणि कोणी केलं, कोणाला दिसलं, ते लिहा.

टायपिंग युनिकोडमध्येच करा किंवा करून घ्या. दुकानात अजूनही पुष्कळदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चुरा होतो, आणि ऑनलाइन सबमिशन असेल तर काहीच वाचता येत नाही. मोबाइलवर मराठीत बोलून टाइप करून घेणं आता सोपं झालंय. त्यात जोडाक्षरं आणि आडनावं चुकतात, ती तेवढी तपासा. फाइल स्वतःच्या ई-मेलवर रोज पाठवून ठेवा.

बाइंडिंगच्या आधी आणखी एक काम. मुलाखत दिली त्यांना त्यांचा भाग वाचून दाखवा. सावळजच्या मुलीने छापलेली पानं घेऊन आजीला वाचून दाखवली. आजी डोळे मिटून ऐकत होती. बांगड्यांचा परिच्छेद आला तशी म्हणाली, “दोन न्हवं. दीड रुपया. आन् आठ आण्याचा गूळ आणला पोरास्नी, ते ल्ही.” 

मुलीने पुन्हा छापायला वेळ नव्हता म्हणून पेनाने ‘दोन रुपये’ खोडून वर लिहिलं, शेजारी गुळाची ओळ घातली आणि समासात तारीख टाकली. पेपर तसाच माझ्याकडे आला.